ओसी दाखवली होती, फक्त आमच्या विंगची नव्हती

4,21,000 रुपये. फ्लॅटची किंमत वेगळी. ही रक्कम ताब्याच्या वेळी बिल्डरला, वरून, आठ दिवसांत भरली. दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स 96,000, पाणी-वीज जोडणीचे 1,75,000 आणि पार्किंगचे 1,50,000, हे शेवटचे रोख आणि बिनपावतीचे. आकडे मुद्दाम लिहितेय. नातेवाईक "थोडंफार इकडेतिकडे होतंच गं" म्हणून विषय मिटवतात तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते. बिल्डरविरुद्धचं प्रकरण अजून चालू आहे, म्हणून वकिलांनी नावं लिहायला मनाई केलीय. शहराच्या हद्दीत नव्यानं आलेलं गाव, एवढं पुरे. अशी गावं आता सगळ्याच शहरांना आहेत.

सेल्सवाल्याचं बोलणं तुम्हाला पाठ असेल. "मॅडम, हा डेव्हलपिंग एरिया आहे. हिंजवडीत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काय होतं? शेतं! आज तिथला भाव विचारा." डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, दोन वर्षांत, शाळा आलीच, महापालिकेचं पाणी तर दारात. आम्ही भुललो असं कुणी म्हणू नका. 46,80,000 मध्ये शहरात आम्हाला वन बीएचकेसुद्धा मिळत नव्हता. 35 लाखांचं कर्ज, त्याचा हप्ता 30,400 आणि राहत्या घराचं भाडं 16,500, दोन्ही एकाच महिन्यात, सलग चौदा महिने. हे ज्यानं भरलंय त्यालाच कळेल की ताब्याचा फोन आला तेव्हा मी देवापुढे साखर का ठेवली.

आता तो दिवस. 2022 च्या दसऱ्याच्या आधीचा शनिवार. मी स्वतः विचारलं होतं, "ओसी आली का?" माहिती नव्हती असं नाही. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला; त्याशिवाय ताबा घेऊ नये हे मला ठाऊक होतं. सेल्सवाल्यानं लगेच प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कागद काढला आणि तो हातात धरूनच दाखवला. खाली गोल शिक्का, सही, तारीख. वर जावक क्रमांक. मी शिक्का पाहिला, तारीख पाहिली आणि मान डोलावली. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, "इमारत ए व बी". आमची सी. त्याचा अंगठा नेमका त्या ओळीवर होता, हे मला आज आठवतं, आणि आठवलं की झोप उडते. मी बारा वर्षं एका ऑफिसात अकाउंट्समध्ये आहे. रोज दुसऱ्यांची बिलं ओळीओळीनं तपासते. तिथे एक रुपयाचा फरक मी सोडत नाही, आणि इथे आयुष्यभराच्या कमाईचा कागद मी हातात मागून घेतला नाही. "द्या इकडे" एवढंच म्हणायचं होतं. कागद हातात घ्या. फोटो काढा. तो फोटो काढू देत नसेल तर तिथूनच उठा.

नवऱ्याला दुसरी एक गोष्ट खटकली होती. आमच्या हातात दिलेल्या पत्रावर "ताबा" शब्दाच्या आधी "फिट-आउटसाठी" असं होतं, म्हणजे फक्त आतलं फर्निचर करून घेण्यापुरता. त्यानं विचारलं, तर उत्तर आलं, "फर्निचर सुरू करा सर, फॉर्मॅलिटी आहे." आणि मीच नवऱ्याला म्हटलं, आता दसरा गाठू दे, शंका काढत बसू नकोस. हे त्यानं मला आजपर्यंत एकदाही ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर पहिला टँकर आला. पहाटे पावणेसहाला रिव्हर्सचा तो भोंगा, मग टाकीत पाणी पडण्याचा आवाज. तेव्हापासून तोच आमचा गजर आहे. "जोडणी प्रोसेसमध्ये आहे," असं चार महिने ऐकलं. मग एक दिवस मी कंपाउंडच्या भिंतीतली ती मीटरची पेटी उघडली, जी साइट दाखवताना सेल्सवाल्यानं कौतुकानं दाखवली होती. आत निळा पाइप, त्याला टोपण, टोपणावर रंगाचे शिंतोडे. भिंतीच्या पलीकडे गेले आणि चपलेनं माती उकरली. पाइप वीतभर पुढे येऊन संपलेला होता. पुढे काही नाही, नुसती माती. ह्याचे आम्ही प्रत्येक फ्लॅटमागे 1,75,000 भरलेत. टँकरचे दरमहा 2,200 वेगळे. 31 महिन्यांचे 68,200 झाले.

पार्किंगचंही सांगते. 27 नंबर आमचा. उघड्यावरची जागा, त्यावर पिवळ्या रंगात आकडा. नंतर कळलं की उघडं पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही. 2010 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की उघडी आणि स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली, जागा गॅरेज म्हणून विकता येत नाही. रोख मागितली तेव्हाच ओळखायला हवं होतं. रोख म्हणजे नाही म्हणा, दुसरा विचार नको.

आता तक्रारींचं. पोलीस चौकीत सांगितलं, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." अर्ज घ्यायलाही तयार नव्हते. पोच मिळवायला तीन फेऱ्या झाल्या. पाण्याच्या खिडकीवर म्हणाले, ओसी नाही तर नळजोड नाही. ओसीच्या खिडकीवर म्हणाले, बिल्डरनं अर्ज पूर्ण केलेला नाही, तुम्ही अर्जदार नाही, तुम्हाला माहिती देता येत नाही. मग घरपट्टी कशी लावलीत? 9,640 रुपयांचं बिल नावानिशी घरी येतं, तेव्हा आम्ही कोण असतो? त्यावर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "कर लावला म्हणजे बांधकाम नियमित झालं असं होत नाही, बिलावर वाचा." आणि कळस म्हणजे दुसऱ्या एका साहेबांनी मला फ्लॅटविक्रीचा 1963 चा मोफा कायदा ऐकवला. पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय बिल्डरनं ताबा द्यायचा नाही, आणि घेणाऱ्यानं घ्यायचाही नाही. "मग तुम्ही घेतलात कशाला, मॅडम?" समोर सहा माणसं रांगेत उभी होती. मला तिथे रडू आलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते. ज्यानं फसवलं त्याला एक शब्द नाही, आणि कायदा माझ्या तोंडावर.

रेराखाली, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याखाली, तक्रार केली. फी 5,000, वकिलाचे 35,000. दीड वर्षानं आदेश आला, आमच्या बाजूनं. वाटलं, सुटलो. तर पैसे बिल्डरनं दिले नाहीत की वसुलीचं वॉरंट महसूल खात्याकडे जातं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली म्हणून. तिथे फाइल पडलीय. पहिल्यांदा गेले तेव्हा कर्मचारी निवडणुकीच्या कामात, नंतर पंचनाम्यात, नंतर साहेब रजेवर. आदेश लॅमिनेट करून ठेवलाय, रुपया आलेला नाही. तक्रार करू नका असं मी म्हणत नाही, कराच. पण घर घेण्याआधी लावलेला अर्धा तास नंतरच्या तीन वर्षांपेक्षा स्वस्त पडतो.

तो अर्धा तास असा. रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. नोंदणी क्रमांक पी अक्षरानं सुरू होतो. टप्प्याटप्प्यानं बांधलेल्या प्रकल्पात प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी असू शकते, म्हणून ब्रोशरवरचा क्रमांक तुमच्याच विंगचा आहे का ते बघा. बँकेनं कर्ज दिलं म्हणजे कागद चोख, या भरवशावर राहू नका. आमच्या बँकेनं कर्जाचा शेवटचा हप्ता बिल्डरला बिनबोभाट देऊन टाकला. आणि आधी राहायला आलेल्या बायकांना गाठून पाण्याचं विचारा, सेल्स ऑफिसात विचारू नका.

गेल्या रविवारी खाली डी विंगचं बुकिंग सुरू झालं. मंडप, फुगे. एक जोडपं आलं होतं, बाई सात-आठ महिन्यांची गरोदर. टेबलावर तोच प्लॅस्टिकचा फोल्डर. मी जाऊन सरळ सांगितलं, "ताई, तो कागद हातात मागा आणि चौथी ओळ वाचा." वॉचमननं मला दंडाला धरून बाजूला नेलं. पण तिनं हात पुढे केला होता, हे मी पाहिलं.