भाषा कुणाच्या हातात? निवडण्याआधी हेही बघा

दहा-पंधरा वर्षं चालवायच्या सॉफ्टवेअरसाठी प्रोग्रामिंग भाषा निवडताना वेग बघतात, लायब्ररी म्हणजे तयार कोडचे संच बघतात, माणसं मिळतील का तेही बघतात. मालक कोण आणि तो पैसा कशातून कमावतो, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

भाषाच विकून टिकलेले थोडे. मॅथवर्क्स ही कंपनी १९८४ पासून मॅटलॅब या गणिती भाषेचे परवाने विकते, पण गिऱ्हाईक खरे पैसे मोजतं ते तिच्या जोडीच्या टूलबॉक्स आणि सिम्युलिंक या साधनांसाठी. बोरलँडने १९९५ मध्ये आणलेली डेल्फी २००८ मध्ये एम्बार्काडेरो या दुसऱ्या कंपनीकडे गेली.

मायक्रोसॉफ्टची सी-शार्प, ॲपलची स्विफ्ट आणि गूगलची गो फुकट मिळतात. कमाई क्लाउडवर किंवा फोनवर होते. पूर्णवेळ पगारी टीम आणि झटपट निर्णय, हा इथला मोठा फायदा. तोटा मायक्रोसॉफ्टच्याच व्हिज्युअल बेसिक ६ वाल्यांना विचारा. २००२ मध्ये डॉट नेट हा मायक्रोसॉफ्टचा नवा पाया आला, जुना कोड त्यावर जसाच्या तसा चालेना, आणि २००८ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या आयडीईचा (कोड लिहायच्या साधनाचा) सपोर्टही संपला. भाषा लोकप्रिय होती, पण मालकाला पुढे जायचं होतं!

दुसऱ्या बाजूला पायथन, कुठल्याही एका कंपनीची नसलेली. २०१८ मध्ये तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम नेतृत्वातून बाजूला झाले, तेव्हा कोअर डेव्हलपरांनी, म्हणजे भाषा घडवणाऱ्या मुख्य प्रोग्रामरांनी, पाच जणांची परिषद निवडली आणि काम चालू राहिलं. २०२० मध्ये रस्ट या भाषेला सांभाळणाऱ्या मोझिलाने मोठी कर्मचारीकपात केली, पण रस्ट बुडाली नाही. पुढच्याच वर्षी तिचं फाउंडेशन उभं राहिलं. अर्थात त्यामागचा पैसा गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन यांचाच. फरक इतकाच, की एकाने हात काढला तरी बाकीचे उरतात. सी++ आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या समितीकडे आहे: भरवशाची, पण संथ.

जावा या दोन्हींच्या मधली. २०१० मध्ये सन या मूळ कंपनीसोबत ती ओरॅकलकडे आली आणि त्याच वर्षी जावाच्या वापरावरून ओरॅकलने गूगलवर दावा ठोकला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गूगलच्या बाजूने निकाल दिला. २०२३ पासून ओरॅकलच्या जावा वर्गणीचा हिशेब कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांवर होतो, जावा वापरणारे मोजकेच असले तरी. एवढं होऊनही मी जावा नाकारणार नाही, कारण ओपनजेडीके, म्हणजे जावाचा मूळ कोड, खुला आहे. त्यावरून बनलेल्या कोरेटो किंवा टेमुरिन या फुकट आवृत्त्यांवर जाऊन ती वर्गणी टाळता येते.

आयफोनचं ॲप असेल तर फार खल करू नका, स्विफ्ट घ्या. सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामाला मी आधी जावा किंवा पायथन बघेन, मग गो.