जर्मनीतलं एक वर्ष, खर्च दोन संसदांचा: काँग्रेस-बुंडेस्टाग एक्स्चेंजचा माझा रिव्ह्यू

सरळ सांगते, वय १८ ते २४ असेल, अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल आणि कामाचा थोडाफार अनुभव असेल तर काँग्रेस-बुंडेस्टाग यूथ एक्स्चेंज फॉर यंग प्रोफेशनल्सला अप्लाय कराच. इथे अमेरिकेतल्या मराठी घरांमधे हा प्रोग्रॅम फारसा कुणाला माहीत नसतो, आपल्याकडे बोलणं कायम मास्टर्स, रँकिंग आणि पॅकेजवर येऊन थांबतं, आणि मी अप्लाय करत होते तेव्हा विचारायला एकही मराठी माणूस सापडला नव्हता, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हे आहे काय ते. अमेरिकेची संसद म्हणजे काँग्रेस आणि जर्मनीची संसद म्हणजे बुंडेस्टाग, दोघी मिळून याचा खर्च करतात. सुरुवात १९८३ ची. त्याच्या ३०० वर्षं आधी, १६८३ मधे, जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावातली १३ कुटुंबं बोटीने फिलाडेल्फियाला आली आणि जर्मनटाउन वसलं, त्या घटनेची आठवण म्हणून दोन देशांनी एकमेकांची तरुण मुलं बोलवायचं ठरवलं. हायस्कूलच्या मुलांसाठी वेगळा भाग आहे, मी बोलतेय तो नोकरी करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्यांचा. वर्षाचे तीन तुकडे असतात, दोन महिने फक्त भाषा, मग साधारण चार महिने कॉलेज, मग पाच महिने इंटर्नशिप. जर्मन आधीपासून यायलाच पाहिजे अशी अट नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, चार वर्षांची डिग्री लागत नाही, उलट टेक्निकल, व्होकेशनल, शेती, बिझनेस अशा क्षेत्रातल्या मुलांनी यावं असं ते स्वतःच सांगतात. मी कम्युनिटी कॉलेजमधून मेकॅट्रॉनिक्स (मशीन आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) केलं आणि एका कारखान्यात टेक्निशियन होते, माझ्यासारखीला दुसरी कुठली स्कॉलरशिप दारात पण उभी करत नाही हो.

पैशांचं बोलू. विमानाचं तिकीट, भाषेचा क्लास, इन्शुरन्स, राहण्याची सोय आणि महिन्याचा खर्चाचा भत्ता यात येतो. याची किंमत कळायची असेल तर एवढंच बघा, स्वतःच्या पैशाने जर्मनीत शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला व्हिसासाठी साधारणपणे ब्लॉक्ड अकाउंटमधे, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, शिवाय तिकीट वेगळं. इथे ते काही नाही. पण भत्ता म्हणजे पगार नाही हे डोक्यात पक्कं ठेवा, त्यात जेवण-खाण आणि इकडेतिकडे फिरणं नीट होतं पण घरी गाडीचा हप्ता चालू असेल, फोनचं बिल असेल तर ते त्यातून निघणार नाही. जायच्या आधी वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकले तर तिकडे प्रत्येक युरो मोजत बसावं लागत नाही.

भाषेचे दोन महिने हा माझ्या मते अख्ख्या प्रोग्रॅमचा कणा आहे आणि बरेच जण नेमके तिथेच ढिले पडतात. मला बोडेनझे तलावाकाठचं राडोल्फझेल मिळालं, गाव इतकं सुंदर की उन्हाळ्यात पुस्तक उघडावंसं वाटत नाही, त्यात सोबतचे सगळे अमेरिकन, क्लास सुटला की पुन्हा इंग्रजी सुरू. पण पुढे इंटर्नशिपचं ऑफर लेटर मिळणार की नाही, मिळालं तर खरं काम देणार की कोपऱ्यात बसवून ठेवणार, हे या दोन महिन्यांत तुमचं जर्मन किती चालायला लागलं त्यावर ठरतं. मी संध्याकाळी तिथल्या व्हॉलीबॉल क्लबला जायला लागले, आणि मॅचमधे ओरडून सांगावं लागतं ना, तेव्हा व्याकरण बाजूला राहतं आणि तोंड उघडतं. क्लब सगळीकडे असतात, फायर ब्रिगेडच्या स्वयंसेवकांपासून गाण्यापर्यंत, कुठल्याही एकात घुसा.

कॉलेजचे चार महिने ठीक. माझं होखशूल, म्हणजे तिथलं कॉलेज, प्रॅक्टिकल अंगाचं, प्रोफेसर इंडस्ट्रीत काम करून आलेले, शिकवणं चांगलं. मार्कं बहुतेक शेवटच्या एका परीक्षेवर आणि हजेरीचा फार धाक नाही, त्यामुळे स्वतःला शिस्त लावावी लागते. इथून डिग्री मिळत नाही, आणि तिथले क्रेडिट तुमचं कॉलेज धरेल की नाही हे जायच्या आधी तुमच्या कॉलेजकडून लेखी घ्या. घरच्यांना पण हे आधीच सांगून ठेवा, कारण माझ्या प्रत्येक नातेवाईकाचा पहिला प्रश्न हाच होता, मग सर्टिफिकेट कशाचं मिळणार?

आता इंटर्नशिप, ज्यासाठी जायचं. ती आयती ताटात येत नाही, मदत मिळते पण शोधायची तुम्हीच. कॉलेज सुरू झालं की लगेच अर्ज पाठवायला घ्या, कॉलेज संपायची वाट बघू नका. तिकडचा अर्ज म्हणजे लेबेन्सलाउफ म्हणजे सीव्ही, त्याच्यासोबत त्या कंपनीसाठीच लिहिलेलं पत्र आणि जुन्या सगळ्या सर्टिफिकेट्सच्या कॉपी, सगळं एका पीडीएफमधे. अमेरिकन रेझ्युमेतली "मी अमुक वाढवलं, तमुक बदललं" ही भाषा तिथल्या लोकांना पोकळ वाटते, कुठल्या मशीनवर काम केलं, कुठलं सॉफ्टवेअर येतं, काय काय रिपेअर केलं, असं साधं लिहिलं की फोन येतो. पगाराचं म्हणाल तर जर्मनीत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आहे, पण अभ्यासक्रमाचा भाग असलेली सक्तीची इंटर्नशिप आणि तीन महिन्यांपर्यंतची काही इंटर्नशिप त्यातून वगळलेली असते, म्हणून कंपनी विचारते की तुमची कुठल्या प्रकारात बसते, आणि उत्तर तयार नसेल तर तिथेच गाडं अडतं. प्रोग्रॅमकडून ते कागदावर घेऊन अर्जासोबतच जोडा.

मी दक्षिणेतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत होते, पॅकिंगच्या मशीन बनवतात, नाव लिहीत नाही. पहिले काही आठवडे श्वाबियन बोली डोक्यावरून गेली, क्लासमधलं जर्मन आणि वर्कशॉपमधलं जर्मन यात पुणे आणि मालवण इतकं अंतर. पण जे शिकायला मिळालं ते मला अमेरिकेत कधीच मिळालं नसतं. तिथे अप्रेंटिस मुलं सोळा-सतराव्या वर्षी येतात, आठवड्याचे काही दिवस कंपनीत, बाकी व्यवसाय शाळेत, तीन-साडेतीन वर्षांत परीक्षा देऊन पक्के कारागीर होतात आणि त्यांच्याकडे कुणी "बारावीत कमी पडले वाटतं" अशा नजरेने बघत नाही. माझा माइस्टर, म्हणजे वर्कशॉपचा प्रमुख, एखादी वायर चुकीच्या क्रमाने लावली तर रागवायचा नाही, पूर्ण पॅनल उघडून पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचा. हाताने काम करणाऱ्या माणसाला इतका मान मिळताना मी पहिल्यांदा बघितला आणि माझ्या कामाकडे बघायची माझी स्वतःची नजर बदलली, हे मी मनापासून सांगतेय. शेवटी आर्बाइट्सत्सॉयग्निस मागून घ्या, म्हणजे काय काम केलं आणि कसं केलं याचं कंपनीचं लेखी पत्र. इथे परत आल्यावर इंटरव्ह्यूत मला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

ग्रीन कार्डवाल्यांनी हा भाग नीट वाचा, आपल्यातले पुष्कळ जण याच गटात आहेत. अमेरिकन पासपोर्ट असेल तर व्हिसा न घेता जर्मनीत उतरता येतं आणि ९० दिवसांच्या आत तिथेच राहण्याच्या परवान्याचा अर्ज करता येतो. भारतीय पासपोर्ट असेल तर तसं नाही, जायच्या आधीच इथल्या जर्मन कॉन्सुलेटमधून व्हिसा लागतो, अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो, तेव्हा सिलेक्शनचा मेल आला की त्याच आठवड्यात कामाला लागा. दुसरं म्हणजे नागरिकत्व. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की नागरिकत्वासाठी लागणारा अमेरिकेतला सलग रहिवास तुटला असं धरलं जाऊ शकतं आणि तो तुटलेला नाही हे तुम्हाला पुराव्याने दाखवावं लागतं, आणि पूर्ण वर्षभर बाहेर राहिलात तर तो तुटतोच. एक वर्ष किंवा जास्त लागेल असं वाटत असेल तर री-एंट्री परमिटचा (ग्रीन कार्डवर अमेरिकेत परत येण्यासाठीच्या परवान्याचा) आय-१३१ फॉर्म अमेरिकेत असतानाच भरायचा असतो, तिकडे पोचल्यावर भरता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीने नागरिकत्वाचं काम आधी उरकलं आणि पुढच्या वर्षी अप्लाय केलं, वयाची मर्यादा आड येत नसेल तर मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. एकदा वकिलाशी बोलाच.

भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना हा प्रोग्रॅम नाही, त्याबद्दल वाईट वाटतं. पदवी आणि नेतृत्वाचा अनुभव असेल तर त्यांनी हुम्बोल्ट फाउंडेशनची जर्मन चॅन्सलर फेलोशिप बघावी, ती भारतीयांसाठी खुली आहे, मात्र तिथे स्वतःचा प्रोजेक्ट आणि जर्मनीतला होस्ट आपणच शोधायचा असतो.

कुणी जाऊ नये? ज्याला ठरावीक शहरच पाहिजे त्याने. जागा ते ठरवतात, बर्लिनचं स्वप्न बघाल आणि छोट्या गावात पोचाल, रविवारी दुकानं बंद, संध्याकाळी शुकशुकाट. मला तेच गोड लागलं पण प्रत्येकाला लागेल असं नाही. शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, ब्रेड आणि चीज उत्तम मिळतं, बाकी स्वयंपाक शिकून जा.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा कापला तो इंटर्नशिप शोधण्याच्या ताणासाठी. अर्जातल्या निबंधात "जर्मनी सुंदर देश आहे" वगैरे लिहू नका, तुमच्या कामातली कुठली गोष्ट तिथे जाऊन शिकायची आहे ते नाव घेऊन लिहा, आणि अमेरिकेच्या राजकारणावर शांतपणे बोलायची तयारी ठेवा कारण तिकडे दुकानदारापासून होस्ट फॅमिलीच्या आजीपर्यंत सगळे ते विचारतात. पैसा दोन्ही संसदांकडून येतो, म्हणून जागा आणि तारखा दरवर्षी ऑफिशियल पेजवरच बघा, जुन्या पोस्टवर विसंबू नका. काही विचारायचं असेल तर खाली विचारा, विशेषतः टेक्निकल फील्डमधल्या मुलींनी.