इटलीच्या लिचेओ क्लासिकोत शाळेचं एक वर्ष: बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मुलांसाठी परीक्षण

आधी निकाल सांगतो. प्राचीन ग्रीस-रोमचा इतिहास आणि वाङ्मय शाळेच्या वयातच, मूळ भाषेतून शिकायचं असेल, तर इटलीतल्या लिचेओ क्लासिकोमध्ये विनिमय विद्यार्थी म्हणून एक वर्ष काढणं हा फार मोलाचा मार्ग आहे. मात्र त्याचं मोल दोन गोष्टींवर ठरतं: तिथे कुठली इयत्ता मिळते आणि जाण्याआधी इटालियन किती येतं. विनिमय संस्थांच्या माहितीपत्रकांत रोम, पिझ्झा आणि यजमान कुटुंबाचे फोटो भरपूर असतात. या दोन गोष्टींबद्दल क्वचितच काही लिहिलेलं असतं, म्हणून हे परीक्षण.

लिचेओ क्लासिको म्हणजे इटलीतली साधारण १४ ते १९ वयाची पाच वर्षांची शाळा. लॅटिन आणि प्राचीन ग्रीक दोन्ही सक्तीचे. पहिल्या दोन वर्षांत आठवड्याला २७ तास असतात. त्यांत लॅटिनचे ५, ग्रीकचे ४, इटालियनचे ४ आणि इतिहास-भूगोलाचे ३. पुढच्या तीन वर्षांत ३१ तास होतात: लॅटिन ४, ग्रीक ३, शिवाय तत्त्वज्ञान ३ आणि कलेचा इतिहास २. आपल्याकडे पीयू कॉलेजात (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आर्ट्स घेणाऱ्या मुलाला दोन वर्षांत मिळून प्राचीन जगाचं जेवढं वाचायला मिळतं, तेवढं इथे एका सहामाहीत होतं. तेही उताऱ्यांच्या सारांशातून नाही, मूळ मजकुरातून.

आता इयत्तेची गोष्ट. प्राचीन इतिहास फक्त पहिल्या दोन वर्षांत शिकवतात. तिथे ग्रीस, रोम आणि आरंभीचं मध्ययुग होतं. तिसऱ्या वर्षापासून इतिहासाचा तास मध्ययुगात जातो आणि पाचव्या वर्षी विसाव्या शतकात पोहोचतो. एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालेलं सोळा वर्षांचं मूल वयाच्या हिशेबाने तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षात बसवलं जातं. म्हणजे प्राचीन इतिहासासाठी गेलेल्या मुलाच्या वाट्याला इतिहासाच्या तासात मध्ययुगीन सम्राट आणि पोपांचे तंटे येतात. वर्गातली मुलं ग्रीक दोन वर्षं शिकून आलेली असतात आणि आपल्याला अजून लिपीही येत नसते. यावर उपाय आहे, पण तो मागावा लागतो. विनिमय विद्यार्थ्याला शाळा एक मार्गदर्शक शिक्षक देते आणि त्याचं वेळापत्रक बरंच लवचिक ठेवता येतं. प्रवेश पक्का होताच पत्र लिहून विचारा: ग्रीक आणि इतिहासाचे तास पहिल्या वर्षाच्या वर्गात, आणि ग्रीक-लॅटिन वाङ्मयाचे, तत्त्वज्ञानाचे, कलेच्या इतिहासाचे तास आपल्या वयाच्या वर्गात मिळतील का? हे पत्र ऑगस्टच्या आत गेलं पाहिजे, कारण शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते आणि मग वेळापत्रक हलवणं अवघड जातं.

इथे आणखी एक फसगत होते. जुन्या परंपरेप्रमाणे पहिल्या दोन वर्षांना 'चौथं जिन्नाझिओ' आणि 'पाचवं जिन्नाझिओ' म्हणतात आणि तिसऱ्या वर्षाला 'पहिलं लिचेओ'. पत्रात 'चौथं जिन्नाझिओ' दिसलं की पालक समजतात, मुलाला वरच्या वर्गात घातलं. प्रत्यक्षात तो सर्वांत खालचा वर्ग असतो, आणि नवशिक्यासाठी तोच बरा.

इटालियनचं म्हणाल तर निदान 'ए-दोन' पातळी (युरोपीय मापातली दुसरी पायरी, रोजचं साधं बोलणं जमण्याइतकी) घरूनच करून जावी. ग्रीकचा अर्थ इटालियनमध्ये सांगतात, व्याकरण इटालियनमध्ये सांगतात, कोशही ग्रीक-इटालियन असतो. इंग्रजी बोललात म्हणून कोणी तोडून बोलणार नाही, पण होमरच्या तासाला इंग्रजीचा आधार मिळत नाही. बेळगावात इटालियनचा वर्ग सहज मिळणार नाही, तेव्हा ऑनलाइन शिकवणी धरावी आणि दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच सुरुवात करावी. ग्रीक लिपीही त्याच काळात होते. चोवीस अक्षरं आहेत, रोज अर्धा तास दिला तर दोन आठवड्यांत वाचता येऊ लागतात. लॅटिन इटलीत इटालियन उच्चाराने वाचतात, म्हणजे सिसेरो तिथे 'चिचेरो' होतो. इंग्रजी व्हिडिओंवरून 'किकेरो' शिकून गेलात तर पहिले काही दिवस कानांना जड जाईल, इतकंच.

या शिक्षणाचा कणा म्हणजे वेर्सिओने. दहा-पंधरा ओळींचा न पाहिलेला उतारा, हातात कोश, वेळ साधारण दोन तास, आणि त्याचं नेमकं भाषांतर. बहुतेक नवी मुलं इथेच कोसळतात आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पहिल्या शब्दापासून कोश उघडतात. अर्धा वेळ संपतो तेव्हा चार ओळींचे सुटे शब्द हातात असतात आणि वाक्य एकही नसतं. करायचं ते असं. पहिली दहा मिनिटं कोश बंद. प्रत्येक वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधून अधोरेखित करायचं, त्याचं वचन आणि पुरुष पाहून कर्ता शोधायचा, उभयान्वयी अव्ययांवर गोल करून पोटवाक्यं वेगळी पाडायची. मगच कोश, आणि तोही आधी क्रियापदांसाठी.

कोशात शोधण्याचीही पद्धत असते. संस्कृत घेतलेल्या मुलाला इथे मोठा फायदा आहे, तो नीट वापरावा. संस्कृतात 'भवति'चं भूतकाळात 'अभवत्' होतं, तसा ग्रीक क्रियापदालाही भूतकाळात पुढे 'ए' लागतो. 'लुओ' म्हणजे मी सोडतो, 'एलुओन' म्हणजे मी सोडत होतो. 'ए'खाली शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही. 'ए' काढून 'लुओ'पाशी जावं लागतं. उपसर्ग असेल तर हा 'ए' उपसर्ग आणि धातू यांच्या मध्ये शिरतो: 'अपोलुओ'चं 'अपेलुओन'. 'अनुभवति'चं 'अन्वभवत्' ज्याने घोकलंय त्याला हे एकदाच सांगावं लागतं. इटालियन मुलाला मात्र ते महिनाभर छळतं. लॅटिनची पंचमी आपल्या पंचमीचं, तृतीयेचं आणि बरंचसं सप्तमीचं काम एकटी करते. ग्रीकमध्ये पंचमीच नाही. तिचं काम षष्ठीकडे आणि तृतीया-सप्तमीचं चतुर्थीकडे गेलेलं आहे. हा तक्ता एका पानावर काढून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेवावा.

संस्कृत नसेल तरी मराठी कामाला येते, हे आवर्जून सांगायला हवं. लॅटिनचं क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, मराठीसारखंच. 'उर्बे काप्ता' या दोन शब्दांच्या रचनेपाशी इटालियन मुलं अडखळतात. मराठीत ते सरळ 'शहर घेतल्यावर' होतं. म्हणून मनातल्या मनात उतारा आधी मराठीत लावायचा आणि मग इटालियनमध्ये लिहायचा. मध्ये इंग्रजी आणलं की शब्दांचा क्रम मोडतो आणि चूक तिथेच शिरते.

कोश मात्र महाग. ग्रीक-इटालियन मोठा कोश नवा घेतला तर शंभर युरोंच्या पुढे जातो. सप्टेंबरात जुन्या पुस्तकांचे बाजार भरतात, तिथे बघावं, किंवा यजमान कुटुंबात कोणी लिचेओ क्लासिको केलेलं आहे का ते विचारावं. अनेक घरांत असा कोश कपाटावर पडून असतो. बेळगावहून नेण्यात अर्थ नाही; ग्रीक-इंग्रजी कोश वर्गात उपयोगी पडत नाही आणि बॅगेचं वजन वाढवतो.

गुण दहापैकी, उत्तीर्ण व्हायला सहा. आठ म्हणजे खरोखर चांगले, दहा विरळाच. एसएसएलसीला ९५ टक्के पाडलेल्या मुलाला पहिल्या वेर्सिओनेत चार मिळाले की घरी फोन येतो. पालकांनी घाबरू नये. तोंडी परीक्षाही वर्षभर चालू असतात. शिक्षक नाव पुकारतात आणि वर्गासमोर पंधरा-वीस मिनिटं प्रश्न विचारतात. विनिमय विद्यार्थ्याला आधी तारीख ठरवून घेता येते, ती घ्यावी.

अशा तोंडी परीक्षेसाठी आपल्या मुलांकडे एक विषय असतो, जो वर्गात दुसऱ्या कोणाकडेच नसतो. बेळगावहून शंभरेक किलोमीटरवर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर इतर रोमन कांस्यवस्तूंबरोबर सापडली. दुसऱ्या बाजूला, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली भारतीय हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली. लक्ष्मी म्हणून ती गाजली. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य दाखवलं जातं. ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्याच उद्रेकात मेलेला रोमन लेखक थोरला प्लिनी आपल्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात तक्रार करतो की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. या तीन गोष्टी एकत्र मांडा, प्लिनीचं ते वाक्य लॅटिनमध्ये वाचून दाखवा. उत्तम सादरीकरण होतं. जाण्याआधी एक दिवस कोल्हापूरला जाऊन मूर्ती नीट बघावी आणि टिपणं काढावीत. संग्रहालयात फोटोची परवानगी आहे का ते तिथे विचारावं.

इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्व स्थळं १८ वर्षांखालच्या सर्वांना मोफत आहेत, नागरिकत्व कुठलंही असो. पाँपेई, पेस्तुम, कोलोसिअम, नेपल्सचं संग्रहालय, सगळं. पासपोर्टची प्रत जवळ ठेवायची, एवढंच. व्हॅटिकनची संग्रहालयं यात येत नाहीत. अठरा ते पंचवीस वयाची दोन युरोंची सवलत युरोपीय नागरिकांसाठी आहे, तेव्हा वर्षाच्या मध्ये अठरावं लागणार असेल तर मोठी स्थळं वाढदिवसाआधी उरका. नंतर महिन्याचा पहिला रविवार आहेच, त्या दिवशी सगळ्यांना मोफत. वसंतातली शाळेची सहल चुकवू नये. सिसिलीत सिराकूजच्या ग्रीक रंगमंचावर १९१४ पासून प्राचीन नाटकांचे प्रयोग होत आले आहेत आणि अनेक लिचेओ आपल्या मुलांना तिथे नेतात. नाटक इटालियनमध्ये असतं; संहिता आधी वाचून गेलं तरच रस येतो.

कागदपत्रांत आपल्या भागाची एक खास अडचण आहे. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. त्याआधी जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर 'बेलगाम', पासपोर्टवर 'बेळगावी'. त्यातच नावांचं स्पेलिंग मराठीतून कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना बदलतं. 'जाधव' एका कागदावर एच धरून, दुसऱ्यावर एच गाळून. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. यातलं प्रत्येक अंतर व्हिसाच्या खिडकीवर आडवं येऊ शकतं. जन्मदाखला, मार्क्स कार्ड, आधार आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती होण्यासारखी असेल ती आधी करून घ्या, उरलेल्यासाठी नोटरीकडून प्रतिज्ञापत्र. मराठी किंवा कन्नड दाखल्यांचं भाषांतर, अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणीकरण) आणि दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र यांना दोन-तीन महिने धरा. मुलांचा पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचा असतो. तो परतीच्या तारखेनंतरही काही महिने चालतो ना, हे पाहा. घर निपाणीत असल्याने कोल्हापूर जवळ पडलं, तरी व्हिसाचा अर्ज कर्नाटकातल्या पत्त्यावरून जातो.

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं म्हणून 'डी' प्रकारचा व्हिसा लागतो. इटलीत पोहोचल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांत रहिवासी परवान्याचा अर्ज करायचा असतो. तो टपाल कार्यालयातून करतात आणि त्यावर १६ युरोंचं मुद्रांक तिकीट लागतं. पावती परवाना मिळेपर्यंत पासपोर्टबरोबर ठेवायची.

जेवणाचं थोडक्यात. यजमान कुटुंबाच्या फॉर्मवर नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. मासे, मांसाचा रस्सा, अंडी यांतलं काय चालतं ते एकेक लिहा. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, असतं. घरात कडक पाळत असाल तर हेही सांगा.

पीयूचा हिशेब सर्वांत आधी करायचा. हे वर्ष आपल्याकडे मोजलं जात नाही, असं धरूनच चाला. फर्स्ट पीयूला नाव घालून मध्येच गेलात तर हजेरी भरत नाही आणि परीक्षेला बसता येत नाही. म्हणून एसएसएलसी आणि फर्स्ट पीयू यांच्या मधलं वर्ष उत्तम. अर्ज साधारण वर्षभर आधी करायचा, म्हणजे दहावीत असतानाच. परतल्यावर ज्या कॉलेजात जायचं आहे, तिथल्या प्राचार्यांकडून वर्षाच्या खंडानंतर प्रवेश देण्याबद्दल आधी लेखी घ्या. यजमान कुटुंब पैसे घेत नाही, पण संस्थेची फी, विमान, विमा आणि हातखर्च मिळून आकडा लाखांत जातो. गुणवत्ता शिष्यवृत्त्या मोजक्याच, त्या फी भरण्याच्या मुदतीआधी विचाराव्यात.

सायन्स घेऊन नीट किंवा जेईईच्या मागे लागणार असलेल्या मुलाने हे वर्ष घेऊ नये. त्याची ओढ खरी असेल तर इंग्लंडमध्ये तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, साधारण दोन आठवड्यांची ग्रीक-लॅटिन शिबिरं भरतात. भाषेची गोडी लागते, वर्ष वाया जात नाही. शब्दाच्या मुळापर्यंत जाण्यात ज्याला आनंद वाटतो, तासभर एका ओळीवर बसण्याचा ज्याला कंटाळा नाही, त्या मुलासाठी मात्र लिचेओसारखी दुसरी जागा नाही. निघताना तिथलं गुणपत्रक आणि हजेरीचा दाखला, त्यावर शाळेचा शिक्का आणि अपोस्टिल, हे सगळं इटलीतच करून घ्यावं. जूनमध्ये शाळा बंद झाल्यावर बेळगावात बसून तिथल्या कार्यालयातून एक सही मिळवायला महिने लागतात.