खिडक्यांना ‘सिलिकॉन मारून’ घेण्याआधी खालच्या ट्रॅकची भोकं बघा

ठाण्यातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. ॲल्युमिनियमच्या चार सरकत्या खिडक्या, प्रत्येकी ४ बाय ४ फूट. मे अखेरीस दारावर आलेल्या दोघांनी “सील गेलंय” म्हणत दोन तासांत काम उरकलं, रनिंग फुटाने पैसे घेतले. पहिल्याच मोठ्या सरीत पाणी आधीपेक्षा जास्त आत, पार गादीपर्यंत.

मापातच पहिली लबाडी. एका खिडकीचा घेर १६ फूट, चारींचा ६४. बिलात २५६! आतून-बाहेरून म्हणून दुप्पट, दोन शटर म्हणून पुन्हा दुप्पट. सिलिकॉन लागतं बाहेरच्या चौकट-भिंतीच्या सांध्याला, तेवढंच मोजायचं. सिलिकॉनच्या नळ्या बिलात लावल्या ९. सांधा ६ मिमी रुंद, ६ मिमी खोल असेल तर ३०० मिलीची नळी साधारण ८ मीटर चालते. म्हणजे नासधूस धरूनही तीन पुरल्या असत्या. रिकाम्या नळ्या मागून घ्या.

त्या नळ्याही सिलिकॉनऐवजी ॲक्रिलिकच्या निघाल्या. ताजी रेघ ओल्या फडक्याने पुसली की ॲक्रिलिक पाण्यात विरघळून येतं, सिलिकॉन येत नाही. वर ती रेघ जुन्या सिलिकॉनवरच ओढलेली. जुन्यावर नवं सिलिकॉनसुद्धा धरत नाही. नखाने टोक उचललं की शेवईसारखी अख्खी पट्टी हातात.

सगळ्यात महागात पडली ती भोकं. सरकत्या खिडकीत थोडं पाणी ट्रॅकमध्ये येणारच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. या दोघांनी भोकंच बुजवली. मग ट्रॅक पन्हाळीसारखा भरतो आणि आत सांडतो.

नीट करायचं तर जुनं कटरने पूर्ण सोला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोरडं होऊ द्या. सिमेंट-संगमरवराला न्यूट्रल सिलिकॉन घ्या, व्हिनेगरसारख्या आंबट वासाचं नको. वर साय १५-२० मिनिटांत धरते, पण आतून ते दिवसाला २-३ मिमीच वाळतं, तेव्हा दोन-तीन दिवस उघाड हवी.

काचेचं रबर ईपीडीएम या कृत्रिम रबराचं घ्या, दुमडून सोडलं की सरळ होतं. ताणून बसवलेलं पुढे आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. किंचित लांब कापून दाबत बसवा. शटरच्या वूल पाइलसाठी, म्हणजे कडेच्या केसाळ पट्टीसाठी, जुना तुकडा दुकानात न्या. पट्टीची रुंदी आणि केसांची उंची, दोन्ही जुळायला हवं.

काचेवर मगभर पाणी ओतून दाखवणं म्हणजे चाचणी नव्हे. ट्रॅकमध्ये मगभर ओता, ते बाहेरच पडलं पाहिजे. मग पाइपने बाहेरून खालच्या सांध्यावर दहा मिनिटं, नंतर वर वर सरका; वरून सुरुवात केली तर पाणी कुठून शिरतंय ते कळतच नाही. हे होईपर्यंत निम्मे पैसे हातात ठेवा.

त्या घरात भोकं मोकळी करायला जुना स्क्रूड्रायव्हर आणि दहा मिनिटं पुरली. पांढरी पट्टी सोलण्यात मात्र अख्खा रविवार गेला.