आधी यादी की स्क्वाड्रनची नोंदवही?

आजीच्या दादरच्या घरातल्या ट्रंकेत तिच्या, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असलेल्या भावाच्या मृत्यूची तार निघाली. घडीवर फाटलेली, पण नाव आणि हुद्दा वाचता येतो. आता शोधायचं कुठे? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे महायुद्धांतल्या राष्ट्रकुलाच्या सैनिकांच्या कबरी सांभाळणारी संस्था; तिची यादी घरबसल्या, फुकट बघता येते. मृत्यूची तारीख, बहुतेकदा तुकडी, कबर कुठे. कबर नसेल तर पूर्वेकडच्या आघाडीवरच्या हवाई दलाच्या जवानांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर. पण माणूस तिथे भेटत नाही. तो भेटतो लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या ‘एअर २७’ मालिकेत, स्क्वाड्रनच्या, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीच्या, नोंदवह्यांत: विमानात कोण होतं, किती वाजता निघालं, परतलं का. माझं मन नोंदवहीकडेच ओढ घेतं. फक्त तुकडी आणि तारीख यादीतून आधी उतरवून घ्या.