शाळेचे मजले वाढतायत: पार्किंग, लेन, वेळा की मागचं गेट? शेजारीशेजारी ठेवून बघितलेले पर्याय

आमच्या मुलांच्या शाळेवर दोन मजले चढणार असं सभेत सांगितलं आणि पुढच्याच मिनिटाला मागच्या बाकावरून आवाज आला, "ते ठीक आहे हो, पण गाड्या कुठे लावायच्या?" मग दोन तास त्यावरच. मी पालक-शिक्षक संघात नवीन होते, गप्प बसून ऐकत होते, आणि घरी येताना लक्षात आलं की पोरं शाळेत पोचतात कशी हे कोणी विचारलंच नाही, सगळे गाड्यांबद्दलच बोलत होते.

जागा कशी ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. पुण्यात कोथरूडच्या बाजूला, दोन सोसायट्यांच्या मधे बसलेली शाळा. समोर अरुंद गल्ली, पी-१ पी-२ वाली, म्हणजे सम-विषम तारखेप्रमाणे आज या बाजूला गाड्या उद्या त्या बाजूला. शाळा दोन सेशनची. वाढ किती, तर पहिली ते चौथी प्रत्येकी दोन तुकड्या, तुकडीत ४० पोरं धरली तर ३२० पोरं जास्त. तुमच्याकडे आकडा वेगळा असेल पण गल्ली बहुतेक अशीच असणार.

पर्याय निवडायच्या आधी एक काम करा, गेटवर उभं राहून मोजा. दोघं जण, एक वही, बास. पोरं कशाने येतात (पायी, सायकल, दुचाकी, रिक्षाकाका, व्हॅन, कार), कुठल्या बाजूने येतात आणि प्रत्येक गाडी थांबते किती वेळ. हा थांबण्याचा वेळ सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी लिहीत नाही. मोजायला एप्रिलमधे जाऊ नका, परीक्षा असतात, अर्धे वर्ग रिकामे आणि रस्ता कोरडा. जूनमधे शाळा सुरू झाल्यावर धो धो पावसात जा, कारण एरवी चालत येणारी पोरंसुद्धा तेव्हा गाडीत असतात आणि एका छत्रीखाली तीन जण गेटसमोर रस्ता अडवून उभे असतात. गुरुवारही टाळा, पिंपरी-भोसरीकडच्या कंपन्यांना सुट्टी म्हणून त्या दिवशी बाबा लोक कार घेऊन येतात आणि चित्रच बदलतं.

आम्ही मोजलं तेव्हा आम्हाला वाटत होतं सकाळ वाईट असेल. तसं नाहीये. सकाळी लोक पोराला उतरवतात, डबा विसरला म्हणून ओरडतात आणि निघून जातात. खरी कोंडी दुपारची, सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते तेव्हा. सुटणाऱ्यांचे पालक पंधरा मिनिटं आधी येऊन थांबलेले, भरणाऱ्यांचे पोचवायला आलेले, रिक्षाकाका दोन्हीकडचे, आणि हे सगळं एकाच गेटवर.

आता पर्याय. पहिला अर्थातच मैदानाचा तुकडा पार्किंगला द्यायचा. ऐकायला सोपं, सभेत टाळ्याही यालाच पडतात. पण हिशोब करा. कारचा एक खण २.५ बाय ५ मीटर, पण आत-बाहेर करायची, वळायची जागा धरली तर उघड्या पार्किंगमधे एका कारला साधारण २३ चौरस मीटर लागतात. पाव एकर मैदान म्हणजे हजार चौरस मीटर, म्हणजे फार तर ४३ गाड्या. ३२० पोरं वाढणार त्यात ४३ गाड्यांसाठी मैदान घालवायचं, आणि खेळायला मैदान हवंच असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय, ती काही शाळेची हौस नाही. वर त्या गाड्या आत येणार त्याच गेटमधून ज्यातून पोरं चालत येतात. पहिलीतलं पोर सव्वा मीटरही उंच नसतं, रिव्हर्स घेणाऱ्या मोठ्या गाडीच्या मागे ते दिसतच नाही. आणि पार्किंग झालं की आज दुचाकीवर येणारे उद्या कार काढतात हे वेगळंच. माझं मत, शिक्षकांच्या गाड्या, बस आणि एखाद्या दिव्यांग मुलाची गाडी एवढ्यापुरती जागा ठेवा, पालकांना आत पार्किंग अजिबात नको.

दुसरा, गेटसमोर उतरवायची लेन. म्हणजे गाडी थांबवा, पोर उतरवा, निघा. हा खरंच बरा पर्याय आहे पण तो पाळला तरच. समजा कंपाउंडलगत ३६ मीटर जागा मिळाली (गेट, अग्निशमनचा रस्ता आणि महावितरणचा डीपी सोडून, तो डीपी सगळीकडे असतोच), एका कारला पुढेमागे धरून ६ मीटर, म्हणजे एका वेळी ६ गाड्या. प्रत्येक गाडी दीड मिनिट थांबली तर मिनिटाला ४, वीस मिनिटांत ८०. पण आई उतरली, दप्तर पाठीवर चढवलं, बुटाची लेस बांधली, टीचर दिसल्या म्हणून दोन शब्द बोलली, झाली चार मिनिटं, आणि त्याच लेनमधून वीस मिनिटांत ३० च गाड्या जातात. रस्ता तोच, जागा तीच. म्हणून लेन करायची असेल तर दार उघडून पोर उतरवणारे दोन स्वयंसेवक पालक रोज हवेत, नुसता पांढरा पट्टा मारून काही होत नाही. आणि हे फक्त सोडताना चालतं बरं का. न्यायला येताना लेन फेल जाते, कारण पोर बाहेर आल्याशिवाय गाडी हलणार कशी? दुचाकीवाल्यांना तर लेन लागतच नाही, त्या कुठेही घुसतात (मी पण घुसते, खोटं कशाला बोलू). दुचाकीचं म्हणाल तर चार वर्षांवरच्या पोराला हेल्मेट कायद्याने लागतं, गेटवर उभं राहून बघा किती जणांच्या डोक्यावर दिसतं ते.

तिसरा पर्याय वेळा वेगळ्या करायच्या. खर्च शून्य, म्हणून ट्रस्टला हा फार आवडतो. आमच्याकडे दहा-दहा मिनिटांचं अंतर सुचवलं होतं, पहिली-दुसरी आधी सोडायची, मग तिसरी-चौथी. दहा मिनिटांनी काही होत नाही! लोक पंधरा मिनिटं आधी येतात आणि पाच-दहा मिनिटं रेंगाळतात, म्हणजे पहिली लाट ओसरायच्या आत दुसरी येते आणि गर्दी कमी व्हायच्या ऐवजी लांबते. निदान वीस-पंचवीस मिनिटं तरी हवीत. दोन सेशनची शाळा असेल तर सुटणं आणि भरणं यात अर्धा तास मोकळा ठेवणं हा सगळ्यात मोठा फायदा, आम्ही बाकी काही न करता एवढं केलं असतं तरी दुपारची अर्धी रड थांबली असती.

पण यात दोन अडचणी. एक, भावंडं. मोठी तिसरीत, धाकटा पहिलीत, मग आईने पंचवीस मिनिटं करायचं काय, ती गल्लीत गाडी लावून थांबणार, म्हणजे परत पार्किंग. त्यावर उपाय सोपा आहे, भावंडांना आत व्हरांड्यात बसवून एकत्र सोडा, एक शिक्षिका लागते. दुसरी अडचण सरकारी. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलंय, अडचण असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं. पोरांची झोप होते हे चांगलंच, पण रस्त्याच्या बाजूने बघितलं तर सात वाजता रिकामी असणारी गल्ली आता ऑफिसच्या गर्दीच्या वेळी भरते. त्यामुळे प्राथमिक वाढवताना "सकाळी लवकर बोलवू की" हा रस्ता आता सरळ मोकळा नाहीये, प्लॅन करताना हे धरून चाला.

मधेच एकाने गल्लीच बंद करायची कल्पना काढली, शाळा भरताना-सुटताना पंचवीस मिनिटं गाड्यांना प्रवेश नाही. लोक हसले. हसण्यासारखं काही नाही, इटलीत बोल्झानोला हे कित्येक वर्षांपासून चालतं, लंडनमधेही भरपूर शाळांसमोर आहे, आणि आपल्याकडे ११ डिसेंबरला पादचारी दिनाला लक्ष्मी रोड गाड्यांना बंद ठेवतातच की. लक्ष्मी रोड बंद राहू शकतो तर आमची गल्ली कोण लागून गेली. तरीपण आमच्यासाठी मी याला मत दिलं नाही. कारण गल्लीत राहणाऱ्यांना, ॲम्ब्युलन्सला, सिलेंडरवाल्याला सोडावंच लागतं, म्हणजे बॅरिकेडवर रोज माणूस हवा, आणि वाहतूक पोलिसांचा आदेश असल्याशिवाय तो माणूस भांडणं सोडवण्यापलीकडे काही करू शकत नाही. तुमची गल्ली पुढे बंद असेल, वर्दळ फक्त शाळेचीच असेल, तर मात्र हा पर्याय वर घ्या.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. मागचं गेट. आमच्या शाळेला मागच्या कंपाउंडला एक छोटं लोखंडी गेट आहे, कित्येक वर्षं कुलूपबंद, "सिक्युरिटीच्या कारणाने". त्याच्या पलीकडे मोठी सोसायटी, तिथली भरपूर पोरं याच शाळेत. भिंतीपासून त्यांची बिल्डिंग दोन मिनिटांवर, पण पुढच्या गेटला यायचं तर बाहेरून मेन रोडने वळसा, सिग्नल, मग गल्ली. एवढ्या छोट्या पोराला मेन रोडवरून चालत कोण पाठवेल, मग आई गाडी काढते. म्हणजे दोन मिनिटांवरचं पोर आमच्या ट्रॅफिकमधे मोजलं जातं! पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी असं शिक्षण हक्काच्या नियमात आहे ते उगाच नाही, एवढं अंतर पोरं पंधरा-वीस मिनिटांत चालतात. ती का चालत नाहीत हे नकाशावर पेन्सिलने घरं मांडली की दिसतं, आम्ही तसंच केलं, वर्गाच्या ग्रुपवर विचारलं कोण कुठल्या बिल्डिंगमधून येतं आणि ठिपके काढले, आणि ठिपक्यांचा सगळ्यात दाट पुंजका निघाला नेमका बंद गेटामागे.

नुसतं गेट उघडून भागत नाही हेही सांगते. चालायला जागा हवी. टेप घेऊन फुटपाथ मोजा, भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. आमच्याकडे कागदावर फुटपाथ होता, पण त्यावर झाड, डीपी, निघालेले पेव्हर ब्लॉक, आणि दोन ठिकाणी चढायलाच गुडघ्याएवढं. पोरं सरळ रस्त्यावरून चालायची आणि लोक म्हणायचे पोरांना शिस्त नाही. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देताना "फुटपाथ खराब आहे" असं लिहू नका, अमुक खांबापासून तमुक दुकानापर्यंत मोकळी रुंदी एवढी असं मोजून फोटोसकट द्या, कामं होतातच असं नाही पण टाळणं अवघड जातं. मुंबईत भायखळ्याला शाळेसमोर नुसत्या रंगाने आणि ट्रॅफिकच्या प्लास्टिक शंकूंनी रस्त्याचा भाग पोरांना देऊन बघितला होता, तसं आधी स्वस्तात करून बघायला हरकत नसते.

दुसरी गोष्ट सोबत. दहा-बारा पोरं आणि दोन मोठी माणसं, ठरलेल्या वेळी ठरलेल्या बिल्डिंगखालून निघायचं, वाटेत बाकीची जोडली जातात. जपानमधे प्राथमिकची पोरं अशीच गटाने चालत जातात. आमच्याकडे आजोबा लोकांनी हे उचललं, नाहीतरी सकाळी फिरायला जातातच. आणि दप्तर हलकं करा, २०२० च्या स्कूल बॅग धोरणात पोराच्या वजनाच्या १० टक्के म्हटलंय, म्हणजे २० किलोच्या पोराला २ किलो. आमच्या लेकीचं मोजलं तेव्हा मी काटा दोनदा बघितला. असं ओझं घेऊन कोण चालेल?

मागच्या गेटचा तोटा खरा आहे तो लपवत नाही. सोसायटीचा आतला रस्ता खाजगी, त्यांची परवानगी लागते, आणि त्यांना भीती एकच की उद्या पालक आत गाड्या लावतील. भीती बरोबर आहे, पहिल्या आठवड्यात तेच झालं. म्हणून गेट फक्त पायी, तोंडाशी दोन खांब, स्कूटरही जाणार नाही असे. आणि तिथे वॉचमन हवा, म्हणजे एका पगाराचा खर्च, तो पार्किंगच्या कामापेक्षा कितीतरी कमी पण दर महिन्याला.

रिक्षाकाका आणि व्हॅनचं थोडक्यात. त्यांना शत्रू समजू नका. एक व्हॅन म्हणजे सात-आठ दुचाक्या कमी, फक्त त्यांना गेटपासून लांब ठरलेली जागा द्या आणि कोंबाकोंबी चालवून घेऊ नका. २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक तिचे प्रमुख. ती कागदावर आहे की खरंच बसते ते विचारा, आमची जागी झाली ती यानिमित्ताने.

तर शेजारीशेजारी ठेवलं तर माझा क्रम असा. पोरं आजूबाजूला राहणारी असतील तर आधी पायी रस्ता आणि जास्तीची गेटं, त्याच्या जोडीला दोन सेशनमधे अर्धा तास. लेन तिसरी, तीही सोडण्यापुरती. पोरं लांबून येणारी असतील, हायवेलगतची शाळा असेल, तर क्रम उलटा, आधी बस, मग लेन, आणि पायी शेवटी. मैदानातलं पार्किंग दोन्हीकडे तळाला.

आमचं मागचं गेट आता सकाळी आणि दुपारी चाळीस-चाळीस मिनिटं उघडतं. किल्ली शाळेतल्या मावशींकडे असते. सोसायटीने दोन अटी घातल्यात, आत गाडी आणायची नाही आणि पारिजातकाची फुलं तोडायची नाहीत. पहिली पालक पाळतात.