जनावर अडकलंय : स्वतः उतरायचं की बाहेरूनच काढायचं?

मांजर विहिरीत पडलं. कुत्रं ओढ्याच्या पाण्यात अडकलं. खालच्या कारखान्याला आग लागली आणि वरच्या खोलीत पोपट पिंजऱ्यातच राहिला. अशा वेळी समोर तीन वाटा असतात : स्वतः आत जायचं, बाहेर राहून दोर-टोपलीने काढायचं, किंवा अग्निशमन दलाला बोलावून तोवर थांबायचं. "जनावरच आहे, जाऊ दे" ही चौथी वाट मी इथे धरलेलीच नाही. ज्याने जीव लावून ते वाढवलंय त्याच्यापुढे ती नसतेच, आणि अशा वेळी ती सुचवणाऱ्याचा मला राग येतो.

तरी माझं मत आधीच सांगतो : पहिली वाट बहुतेक वेळा चुकीची ठरते. जनावराच्या जिवाचं मोल कमी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. तुम्ही आत अडकलात की तुम्हाला काढायला भाऊ उतरतो, भावामागे चुलता. स्वतःच्या जिवाचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा हे मान्य केलं, तरी त्या मागून येणाऱ्यांचा निर्णय आपण परस्पर घेऊन टाकलेला असतो.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी, बायोगॅसच्या शेणकाल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. एकामागून एक सहा जण उतरले आणि पाच जण गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. या पाचांना वेडं ठरवणाऱ्यांशी माझं पटणार नाही. पहिला माणूस मांजरासाठी उतरला, बाकीचे माणसासाठी उतरले. त्यांच्या जागी आपल्यातले कितीतरी जण उतरले असते.

विहिरीचं गणित म्हणूनच सगळ्यात फसवं आहे. शेण, पाचट, कचरा कुजलेल्या बंद विहिरीत कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तळाशी साचून राहतात, प्राणवायू कमी होतो. सडक्या अंड्याचा वास येतोय म्हणजे कळेलच, असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त असेल तर नाकच बधिर होतं आणि वास थांबतो. माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. जुनी माणसं आधी कंदील सोडून बघायची. विझला तर उतरायचं नाही, इथपर्यंत ते बरोबर. पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असं नाही, कारण विषारी वायू ज्योत विझेल इतका नसतानाही माणसाला मारू शकतो. शेणकाल्याच्या खड्ड्यात तर मिथेन असतो, तिथे ज्योत नेणं म्हणजे भडका. तेव्हा शेणकाल्याची, बुजत आलेली, वर्षानुवर्षं उपसा नसलेली विहीर असेल तर स्वतः उतरणं हा पर्यायच नाही. मांजरासाठी नाही आणि आधी उतरलेल्या माणसासाठीही नाही. श्वसनयंत्र लावलेला जवानच तिथे उतरू शकतो.

वापरातली, पाण्याने भरलेली विहीर असेल तर मात्र दुसरी वाट फार चांगली चालते, आणि आपल्याकडे तिचा विचार सगळ्यात कमी होतो. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या बाजूला एका मळ्यात मी एका कुत्रीला असं काढलेलं पाहिलंय. सुंभाची बाज आणली, चारही पायांना दोर बांधले, चौघे चार बाजूंना उभे राहिले. बाज पाण्यात वीतभर बुडेल अशी सोडली. कुत्री कडेकडेने गोल पोहत होती आणि वरून जो तो ओरडत असल्याने बाजेपासून लांबच जात होती. शेवटी घरातल्या आजींनी सगळ्यांना गप्प केलं आणि एकट्यांनीच तिला नावाने हाक मारली. ती वळली, पुढचे पंजे सुंभात अडकले, अंग वर आलं. मग चौघांनी एका लयीत ओढलं. एकही माणूस पाण्यात उतरला नाही. याच तऱ्हेने विहिरीत पडलेले बिबटेसुद्धा बाहेर काढतात, तर आपलं कुत्रं का निघणार नाही? लहान जिवासाठी बाजेच्या जागी पाटी किंवा क्रेट चालतो, मांजरासाठी आत गोणपाट टाकायचं म्हणजे नख्यांना धरायला मिळतं.

काठावर आल्यावर तिला उचलायला गेलेल्याच्या मनगटाला मात्र तिने दात लावले. घाबरलेलं जनावर मालकालाही ओळखत नाही. ती वाचल्याच्या आनंदात ती जखम कुणी मनावर घेईना, म्हणून इथे मुद्दाम लिहितो : लगेच १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, हळद-चुना लावायचा नाही, आणि त्याच दिवशी सिव्हिलला जायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लक्षणांआधी लस घेतली तर वाचतो. उचलण्याआधी अंगावर जाड चादर टाकली असती तर हेही टळलं असतं. सोलापुरात चादर कुठल्या घरात नाही?

पुराचं वेगळं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, मोहोळ भागांत गावंच्या गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद झाला, माणसं बोटीतून काढावी लागली. तिथे प्रश्न लाडक्या मांजराएवढाच गोठ्यातल्या म्हशीचाही होता, आणि म्हैस म्हणजे घराचं दूध, कर्जाचा हप्ता, पोरीची फी. "जनावर सोडून कसं निघू?" असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याला शहरात बसून शहाणपण शिकवणं मला जमत नाही.

पण इथेही पर्यायांची तुलना करता येते. गुरं चांगली पोहतात. पुरात दाव्याला बांधलेलं जनावर जागेवर बुडतं, मोकळं असलं तर उंचवटा शोधतं. पाणी गावाकडे येतंय असं कळताच दावी सोडायची, वेळ नसेल तर कापायची, आणि गुरांना उंचाकडे हाकलायचं. ही जोखीम मी योग्य मानतो, कारण ती पाणी यायच्या आधीची आहे. एकदा पाणी वाहायला लागलं की हिशोब बदलतो. जोरात वाहणारं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो आणि ६० सेंटीमीटरमध्ये बहुतेक चारचाक्या वाहून जातात. अशा पाण्यात म्हशीचा कासरा मनगटाला गुंडाळून तिला ओढत नेणं सगळ्यात वाईट. ती घसरली की तुम्ही गेलात. कुत्र्याचंही तेच. ते पुढे कुठेतरी काठाला लागतं, त्याच्या मागे उडी मारलेला मालक कपड्याबुटांसकट ओढला जातो. काठाने पळत पुढे जा, हाका मारत राहा.

आगीबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तुलना करण्यासारखं तिथे थोडंच आहे. सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर घर अशी किती घरं आहेत. सूत आणि टॉवेल पेटले की ज्वाळेआधी धूर घर भरतो. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जण गेले. तिथे कुणी हलगर्जी होतं म्हणून हे आठवत नाही. असा धूर माणसाला वेळ देत नाही, एवढंच त्यातून घ्यायचं. बाहेर पडताना हाताशी असलेलं मांजर, पिंजरा जरूर उचला. एकदा बाहेर आल्यावर परत आत जायचं नाही. घाबरलेलं कुत्रं-मांजर पलंगाखाली, कपाटामागे लपतं. तुम्ही धुरात त्याला शोधत फिराल. त्यापेक्षा १०१ ला फोन लावा आणि जवान आले की पहिल्या वाक्यात सांगा : कोणती खोली, कोणता कोपरा, चावतं का. जाताना दार उघडं राहिलं असेल तर जनावर अनेकदा स्वतःच वाट काढतं.

विजेची तार पडली असेल किंवा खांबावर मांज्यात घार अडकली असेल तर लोखंडी शिडी, ओली काठी यांतलं काहीच हातात घेऊ नका. १९१२ वर महावितरणला कळवा, लाइन बंद होईपर्यंत थांबा.

मग स्वतः कधी उतरावं? पाणी साचलेलं आहे, रोजच्या वापरातलं आहे, तळ आणि पायऱ्या माहीत आहेत, तुम्हाला खरंच पोहता येतं, कमरेला दोर आहे आणि तो धरायला वर निदान दोन दणकट माणसं आहेत, तर उतरा. मी उतरेन. हात खरचटणं, एक चावा, बुडालेली रोजी, भिजलेला मोबाइल, एवढी जोखीम त्या जिवासाठी घ्यायलाच हवी. अडचण थांबण्याच्या वाटेत आहे : शहरात अग्निशमनची गाडी येते, लांबच्या वस्तीवर ती यायला तास जाऊ शकतो. पोहून दमलेल्या कुत्र्यापाशी तेवढा वेळ नसतो. म्हणून फोन आधी लावायचा आणि गाडीची वाट बघत असतानाच बाज, दोर, पाटी सोडायची. फळी किंवा हवा भरलेली ट्यूब पाण्यात टाकली तरी जनावराला टेकायला आधार मिळतो. ते बाहेर आल्यावर उपचारासाठी पशुसंवर्धनचा १९६२ हा क्रमांक आहे.

हे सगळं मोठ्यांसाठी झालं. पिल्लामागे आधी पोरं धावतात, आणि दहा वर्षांच्या पोराला "जाऊ नको" एवढंच सांगून भागत नाही, कारण ते जाणारच. त्याला करायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं : तू मोठ्याने ओरडायचंस, मोठ्या माणसाला हाताला धरून आणायचंस, आणि तो येईपर्यंत काठापासून लांब उभं राहून पिल्लू कुठे आहे त्यावरून नजर काढायची नाहीस.